दत्तूची उसवलेली पुस्तकं

दत्तू, तुझ्या शोकसभेत मी भांडलो. दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच तुला सांगतो, कारण गावात हा किस्सा तिखटमीठ लावून फिरतो आहे आणि तू गेलास तिकडेही भोकरदनचं कुणी ना कुणी पोहोचत असणारच.

शाळेच्या मोठ्या वर्गात सभा होती. टेबलावर तुझा तो फोटो, ज्यात तू दुसऱ्याच्या लग्नात आल्यासारखा अवघडून बसला आहेस. हार घातला, उदबत्ती लावली आणि आपले शाळा-कमिटीचे अध्यक्षसाहेब बोलायला उभे राहिले. वकील माणूस, एकदा सुरू झाले की समोरच्याची सुटका नाही. म्हणाले, दत्तात्रय मास्तरांनी मुलांना वाचनाची गोडी लावली, वाचनाने चारित्र्य घडतं, त्यांचे विद्यार्थी उद्या मोठे अंमलदार होतील. तिथपर्यंत मी गप्प होतो. गेलेल्या माणसाबद्दल लोक जरा जास्तच बोलतात, बोलू द्यावं. पण पुढे ते म्हणाले की तुझ्या नावाने शाळेत काचेचं कपाट येणार. त्यात थोरामोठ्यांची चरित्रं, चांगल्या कापडी बांधणीची. कपाटाला कुलूप आणि किल्ली हेडमास्तरांकडे. "आणि मास्तरांच्या पेटीतले ते सुटे भाग, उसवलेली पुस्तकं, ती आता रद्दीत द्यावीत. ग्रंथांची ती दुर्दशा मास्तरांनी भाबडेपणाने केली. आपण ती पुढे चालवू नये."

भाबडेपणाने! तू आणि भाबडा! कमिटीचा मेंबर म्हणून मलाही श्रद्धांजलीचे दोन शब्द बोलायचे होतेच. मी उठलो आणि माझ्या तोंडून निघालं, "साहेब, रद्दीत जाणार न्हाई. त्यातला एक कागद जाणार न्हाई." मागून कुणीतरी माझा सदरा ओढला. आमच्या मारवाड्यांच्या घरात पोराला बोलता येऊ लागलं की शिकवतात, गिऱ्हाइकाशी भांडू नये आणि वकिलाशी तर बिलकुल भांडू नये. अध्यक्षसाहेब दोन्ही आहेत. तरी भांडलो.

लोकांना वाटलं, हा कापडवाला पुस्तकांसाठी कशाला पेटला? त्यांचंही बरोबर आहे. मला पुस्तकांचं वेड कधीच नव्हतं, ते तुझं. आपण दोघं निजामाच्या वस्तानिया, म्हणजे मिडल शाळेत एका फळीवर बसून उर्दूत शिकलो, मग तू मास्तर झालास आणि मी दुकानाच्या गादीवर बसलो. शाळा सुटली की तू येऊन माझ्याच गादीवर लवंडायचास. गावाला वाटायचं आपण गप्पा मारतो. आपण भांडायचो.

पोलीस ॲक्शन झाली, निजामी गेली, शाळेत मराठी आली. गाव खूश होतं, मीही पेढे वाटले. पण तुझ्या वर्गातल्या मिसरूड फुटलेल्या पोरांकडे कुणी पाहिलं नाही. त्यांचा इतिहास उर्दूत, गणित उर्दूत, आणि आता एकदम मराठीत सगळं. घरात बोलायचे मराठी, पण छापलेली मराठी समोर आली की एक एक अक्षर बोटाने ढकलत न्यायचे. धाकटी भावंडं त्यांच्यापेक्षा फडाफडा वाचायची. बाकीचे मास्तर म्हणायचे, टोणगे आहेत, छडीशिवाय वळायचे नाहीत. वाचनाचा तास लागला की ही पोरं मागच्या कुंपणातून केळणा नदीवर पसार व्हायची.

"टोणगे न्हाईत कन्हय्या," तू म्हणालास, "लाजून राह्यलेत."

आठवतं, जालन्याहून तू एक जाड रहस्यकादंबरी आणलीस आणि त्यांच्यातल्या सांडूला दिलीस? एवढा दांडगा सांडू, पण मास्तरांनी पुस्तक दिलं म्हणून त्यानं माझ्या दुकानामागच्या हौदावर हातपाय धुतले, मांडी घातली, पुस्तक कपाळाला लावलं आणि खुनाची गोष्ट पोथीच्या चालीत गायला लागला. वाचन म्हणून त्यानं जन्मात तेवढंच पाहिलं होतं, श्रावणातली देवळातली पोथी. फौजदार दार फोडून आत शिरला तोही त्याच संथ चालीत. आणि ओळ संपली की पोरगं थांबायचं, आता कुणीतरी अर्थ सांगेल म्हणून. तू पोट धरून हसलास. मग एकदम उठून बसलास.

"हे पुस्तकाची पूजा करून राह्यलेत रे. वाचतील कधी?"

आणि दुसऱ्या दिवशी तू ते पाप केलंस. माझीच कापड कापायची कात्री घेतलीस आणि त्या जाड कादंबरीची शिवण कचाकच कापलीस. मी तुझा हात धरला.

"अरे बाप्पा, काय करून राह्यला! सरस्वती हाये ती!"

"तू दिवसभर ठाण फाडतो, ते?"

"मी गिऱ्हाइकाला लागंल तेवढंच फाडतो."

"मंग मी काय करून राह्यलो? पोराला पेलंल तेवढंच."

मी चिडलो. अजून चिडलेलो आहे. ऐक, तू मेलास म्हणून मी माझं मत बदलणार नाही. पुस्तक उसवू नये. ज्यानं ते लिहिलं त्यानं ते सलग लिहिलं, सलग शिवून घेतलं, तू कोण मध्ये कात्री घालणारा? हे मी अध्यक्षांसमोर कबूल करणार नाही, पण तुझ्यासमोर शंभरदा म्हणेन.

तर त्या कादंबरीचे भाग झाले. ठाणाच्या आत जो पुठ्ठा येतो तो मी द्यायचो, मत जुळत नसलं तरी पुठ्ठा द्यायला काय जातं. सुशीलावहिनी दुहेरी दोऱ्यानं एकेक भाग शिवायच्या आणि तू वर मोठ्ठा आकडा घालायचास. पोराच्या सदऱ्याच्या खिशात मावेल एवढंसं ते चोपडं. नियम एकच. आपला भाग झाला की पुढचा ज्याच्याकडे असेल त्याला आपणच हुडकायचं. कुणाकडे काय आहे याची कुठेही नोंद नाही. माझ्या व्यापारी जिवाला ते बघवत नसे.

पण गावात काय धमाल उडाली! बाजाराच्या दिवशी मिरचीच्या ढिगांवरून पोरं एकमेकांना हाका मारायची, "चौथा कोणाकडं हाये रे?" "दुसरा देतो, तिसरा आण जल्दी!" पोलीस चौकीवरचा जमादार माझ्या दुकानाशी येऊन हळूच म्हणाला, "शेठ, ही पोरं आकड्यांचा कायतरी धंदा करून राह्यलीत. तुमाला काय म्हायती?" मी त्याला पाणी पाजलं आणि सांगितलं, दत्तू मास्तराला विचारा, मुख्य आरोपी तोच आहे.

आणि मग चौथा भाग गायब झाला. नायक भुयारात, वरून दगड लोटलेला, आणि पुढचं कुणालाच ठाऊक नाही. पोरं कासावीस झाली. शोधता शोधता कळलं की तो भाग सांडूच्या घरी देव्हाऱ्यात आहे. त्याच्या आईनं उशाला पडलेला पाहिला, ग्रंथ पायदळी येईल म्हणून उचलला, हळदीकुंकू वाहिलं आणि देवांच्या शेजारी ठेवून दिला. चातुर्मास सुरू. देवाजवळचं आता उठवायचं नाही म्हणून ती अडून बसली. पोरं तुझ्याकडे आली. मास्तर, तुम्ही सांगा ना. तू हलला नाहीस. "भाग तुमचा, तुम्हीच आणा."

मी त्यावरही तुझ्याशी भांडलो, की एवढा काय ताठा, जा आणि एक शब्द टाक. तू गेला नाहीस. पोरं गेली. ती माउली म्हणाली, "उठवते, पण आदी देवाम्होरं वाचून दाखवा. देवाला बी कळू द्या काय हाये ते." सांडू पाटावर बसला. शेजारपाजारच्या बाया हात जोडून बसल्या. सांडूनं पोथीची चाल धरली आणि भुयारातून सुरुवात केली. पोरांनी मला नंतर सांगितलं, दगड हलायला लागला तेव्हा त्याची चाल सुटली. त्यानं सोडली नाही, आपोआप सुटली. गोष्ट पुढे पळत होती आणि चाल मागे राहिली. सांडू भडाभडा वाचत सुटला, बोट न लावता, श्वास न घेता, आणि एकाही बाईनं अर्थ विचारला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तू दात घासत होतास तेव्हा सांडूची आई तुझ्या दारात उभी. "मास्तर, पाचवा कोणाकडं हाये?"

हे मला सांगताना तुझे डोळे भरून आले होते. मी तुला चिडवलं होतं, की झालं, आता देवांचाही नंबर लागला तुझ्या पोरांत.

तुझ्या त्याच पेटीत तू उर्दू गोष्टीही उसवून ठेवल्यास, तेव्हा मात्र मी घाबरलो. ते दिवसच तसे होते. उर्दूचं पान कुणाच्या हातात दिसलं तरी लोकांची नजर तिरकी व्हायची. यूसुफ वर्गात कोपऱ्यात बसायचा, तोंड उघडायचा नाही. त्याला तू उर्दू भाग दिलास. कमिटीनं तुला बोलावून जाब विचारला. तू म्हणालास, "पहिले जीभ चटावू द्या साहेब. कोणत्या ताटातलं हाये ते मंग बघू." मी तुझ्या बाजूनं हात वर केला. उपकार नव्हता तो. मलाही तेव्हा उर्दूशिवाय दुसरं काही धड वाचता येत नव्हतं. आणि यूसुफचे उर्दू भाग संपले तेव्हा तो स्वतःहून सांडूकडे गेला आणि म्हणाला, तुमच्या त्या भुयारवाल्याचं पुढं काय झालं, दे इकडं. अडलेल्या ठिकाणी सांडू सांगायचा. बदल्यात सांडू उर्दूतल्या भुताच्या गोष्टी वाचून रात्री अंगणात जायला घाबरायचा.

आपलं खरं भांडण वेगळंच होतं आणि ते तू अर्धं टाकून गेलास. तू पोरांना कधी विचारायचा नाहीस. वाचलं का, कळलं का, तात्पर्य काय, काही नाही. मला ते सहन होत नसे. मी म्हणायचो, अरे दुकानातसुद्धा माल मोजतात, तुला कळणार कसं कोण वाचतो नि कोण नुसता खिशात घेऊन हिंडतो? तू म्हणायचास, "पोरगं जेवलं की विचारतो का तू, भाकरीतून काय बोध घेतला?" शेवटच्या दिवशी, तो शेवटचा हे कुणाला माहीत होतं, मी स्पर्धा घ्यायचं म्हणत होतो. जो जास्त वाचेल त्याला माझ्याकडून सदऱ्याचं कापड. तू खोकत होतास, तरी ताडकन बसलास.

"कन्हय्या, कापड लावलं की पोरगं कापडासाठी वाचंल. मंग कापड संपलं की?"

"संपलं की दुसरं देऊ."

"आन् तू संपला की?"

तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. मी म्हणालो, उद्या बोलू. तू टोपी झटकलीस आणि गेलास. दुसऱ्या दिवशी तू आला नाहीस. ताप चढला होता, तो उतरलाच नाही.

मी तुझ्यावर फार रागावलो आहे, दत्तू. माझ्याकडे उत्तर तयार होतं. रात्रभर घोळवलं होतं. ते आता मी कुणाला ऐकवू? शाळा सुटायच्या वेळेला अजून माझी मान आपोआप रस्त्याकडे वळते आणि मला स्वतःचाच संताप येतो. तुझ्याइतकं मला आयुष्यात कुणी छळलं नाही. आणि माझ्या गोपाळला तू वाचवलंस हे मी तुला कधी बोललो नाही. आठवीत दोनदा बसलेला पोरगा, घरात कुणाशी बोलेना, मी त्याला सगळ्यांसमोर दगड म्हणायचो. तू त्याच्या हातात पहिला भाग ठेवलास आणि मला म्हणालास, याला सहा महिने काही बोलायचं नाही. मी बोललो नाही. आज तो गल्ल्यावर बसून वाचतो आणि वाचता वाचता हसतो. त्याचं हसणं ऐकून माझी बायको स्वयंपाकघरातून बाहेर येऊन बघते. मी तुला कधीतरी थँक्यू म्हणायला हवं होतं, पण तू लगेच चढून बसला असतास.

तर सभा. अध्यक्षसाहेबांनी मला बराबर कोंडीत पकडलं. ते वाईट माणूस नाहीत, त्यांनाही पुस्तकांची माया आहे, कंदिलाखाली बसून शिकलेले ते. म्हणाले, "शेठ, भावनेत वाहू नका. त्या सुट्या भागांमुळं कोण मोठा झाला? एक नाव सांगा."

मी म्हणालो, "कोणीच न्हाई."

लोक हसले. मी म्हणालो, "सांडू जालन्याला जिनिंगमध्ये कापूस तोलतो. यूसुफ ट्रक चालवतो, शहागडला गोदावरीच्या घाटावर गाडी अडकली की स्टेरिंगवर पुस्तक ठेवून बसतो. माझा गोपाळ नापास होऊन माझ्याच गादीवर आला. अंमलदार कोणी झाला न्हाई. पण वाचतेत. कोणी सांगत न्हाई, कोणी विचारत न्हाई, तरी वाचतेत."

"पण त्यातून त्यांना मिळालं काय?"

"मजा," मी म्हणालो.

हार घातलेल्या फोटोसमोर तो शब्द लोकांना शिवीसारखा लागला. हेडमास्तरांनी खाली मान घातली. ठराव मंजूर झाला, विरोधात माझा एकट्याचा हात. बाहेर पडताना मी तुझ्या वर्गात गेलो, तुझी पेटी हमालाच्या डोक्यावर दिली आणि तडक वहिनींकडे नेली.

वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी झालं ते सांगितलं. त्यांनी पेटी उघडली, वरचा एक भाग घेतला, त्याची शिवण अंगठ्यानं दाबून पाहिली.

"रद्दी म्हणले का?"

मी मान डोलावली.

"भाऊजी, पुस्तकं ह्यांच्या पगारातली, शिलाई माझ्या हातची. शाळेचा काय संबंध? घेऊन जा दुकानात. आन् तो फोटो मागून आणा. मला घरात लावायचाय."

तेव्हापासून पेटी माझ्या दुकानात आहे, उघडी. शाळा सुटली की पोरं येतात. नव्या पोरांना ती जुनी उर्दू-मराठीची लाज नाही, त्यांना नुसता कंटाळा आहे, आणि तो जास्त चिवट असतो. पांढऱ्या गादीवर धुळीचे पाय उमटतात. लुगडं बघायला आलेल्या बाया नाक मुरडतात. मी कुणालाही विचारत नाही की वाचलं का. हे तुझं ऐकलं असं समजू नकोस, मला भांडायला समोर कुणी नाही म्हणून गप्प आहे.

त्यांत एक कडुबा येतो. हाच तो, ज्यानं शाळेचं वाचनाचं पुस्तक केळणेच्या पुरात सोडून दिलं आणि अंगावर वळ उठेपर्यंत मार खाल्ला. आईबरोबर दुकानात आला होता. ती लुगडी उलगडत बसली, हा कंटाळून पेटीत हात घालून बसला. आई गेली तरी हा गेला नाही. दुसऱ्या दिवशी एकटाच आला.

काल अध्यक्षसाहेब आले. बरोबर हेडमास्तर आणि शिपाई, पेटी न्यायला. पोरं धडपडून उभी राहिली, टोप्या सरळ केल्या. कडुबा मात्र पालथा पडलेला, दोन्ही कोपरांवर, पाय हवेत. हेडमास्तर कडाडले, "ए कडुबा! ऊठ! कोण आलंय दिसत न्हाई का?" कडुबानं पान उलटलं. हेडमास्तर पुढे झाले, त्यांचा हात वर गेला. मी मध्ये हात घातला.

"ओरडू नका, सर. तो इथं न्हाई."

अध्यक्षसाहेब त्या पोराकडे बघत राहिले. त्याचे ओठ हलत होते, कपाळाला आठी, आणि एक पाय आपला हवेत हलत होता. आम्ही सगळे त्याच्या डोक्यावर उभे होतो आणि त्याच्या लेखी आम्ही कुणी नव्हतो. साहेबांनी शिपायाला हातानं थांबवलं. पण हट्ट सुटतो थोडाच. म्हणाले, "शेठ, पेटीचं आपण बसून बोलू. निदान बसा तरी म्हणा."

दत्तू, आमच्या गादीवर माझ्या आजापासून कुणी गिऱ्हाइकाला उभं ठेवलेलं नाही. मी उभ्या पोरांना खूण केली, ती परत आपापल्या जागी पसरली. मग मी साहेबांना म्हणालो, "जागा न्हाई, साहेब. पोरं वाचून राह्यलीत."